हिमक्षेपक यंत्र : इतिहास, निवड आणि निगा

पाऊस कितीही कोसळला तरी त्याचें पाणी उताराच्या वाटेनें आपलें आपण निघून जातें. बर्फाचें तसें नाहीं. तो जेथें पडतो तेथेंच ठाण मांडून बसतो. त्याला हलविल्यावांचून घराचें दार आणि रस्ता यांची भेट होत नाहीं. कॅनडांतील मॉंट्रियल शहरांत एका हिंवाळ्यांत सरासरीनें सुमारें २ मीटर बर्फ पडतो. घरापुढची मोटारीची वाट १० मीटर लांब व ६ मीटर रुंद धरली आणि तिच्यावर एका रात्रींत २० सेंटिमीटर बर्फ सांचला, तर तो १२ घनमीटर भरतो. भुसभुशीत बर्फाचें वजन घनमीटरास १०० किलोग्रॅम मानलें तरी एकूण भार १,२०० किलोग्रॅम होतो. बर्फ ओला असेल तर त्याच्या तिप्पटही. हा भार सकाळीं कामावर जाण्यापूर्वीं फावड्यानें उपसणें, हें तेथील गृहस्थाचें हिंवाळी व्रतच होय. या कष्टांतून सोडविणारें यंत्र म्हणजे ‘स्नो-ब्लोअर’, अर्थात् हिमक्षेपक.

बर्फाचा हा प्रश्न यंत्रविद्येपुढें प्रथम उभा राहिला तो आगगाडीच्या निमित्तानें. एंजिनाला पुढें नांगर लावून रुळांवरील बर्फ बाजूला सारण्याची रीत होती. परंतु ढीग उंच झाला म्हणजे नांगर त्यांत रुतून बसे. टोरांटो येथील जे. डब्ल्यू. इलियट नांवाच्या एका दंतवैद्यानें १८६९ सालीं फिरत्या चक्राच्या नांगराचें पेटंट घेतलें. पुढें ऑंटॅरिओ प्रांतांतील ऑरेंज जल यानें त्या कल्पनेंत सुधारणा केली व लेस्ली बंधूंनीं १८८० नंतरच्या दशकांत तसें यंत्र बांधून आगगाडीच्या मार्गावर चालविलें. त्यांतील तत्त्व साधेंच, पण दूरगामी होतें. फिरत्या पात्यांनीं बर्फ कापावा आणि पंख्याच्या वेगानें तो रुळांपासून दूर उडवावा. ढकललेला बर्फ पुन्हां वाटेंतच कडेला उभा राहतो. फेकलेला बर्फ वाट मोकळी करतो. हिमक्षेपकाचें सारें शास्त्र या एका भेदांत आहे.

गांवच्या रस्त्यांना या यंत्राची गरज पुढें मोटारीमुळें भासली. घोड्यांच्या काळीं अनेक ठिकाणीं बर्फ काढून टाकण्याऐवजीं तो अवजड लाटांनीं दाबून टणक करीत व त्यावरून घसरगाड्या हांकीत. मोटारीला मात्र मोकळा रस्ता हवा. क्वेबेक प्रांतांत १८७६ सालीं जन्मलेल्या आर्थर सिकार याला ही अडचण तरुणपणींच जाणवली होती. हिंवाळ्यांत रस्ते बंद पडले म्हणजे शेतावरचें दूध शहरांत पोंचत नसे, आणि शेतांतील मळणीयंत्र पाहून त्याला बर्फ फेकण्याची कल्पना सुचली, असें सांगतात. १८९४ मध्यें मनांत आलेल्या या कल्पनेला मूर्त रूप येण्यास १९२५ साल उजाडलें. मोटारट्रकच्या सांगाड्यावर बर्फ ओढून घेणारा भाग, त्यामागें स्वतंत्र एंजिनावर चालणारा क्षेपक आणि दिशा बदलतां येईल अशा नळ्या, अशी त्याची रचना होती. १९२७ पर्यंत मॉंट्रियललगतच्या उत्रमॉं गांवाचे रस्ते हीं यंत्रें साफ करूं लागलीं. सिकार १९४६ सालीं वारला. माणसानें मागें चालत हांकावयाचीं लहान यंत्रें घरोघर रुळलीं तीं त्यानंतरच्या दशकांत; अमेरिकेंतील एरियन्स कंपनीनें आपलें यंत्र १९६० सालीं बाजारांत आणलें.

घरगुती यंत्रें मुख्यतः दोन प्रकारचीं. एकेरी यंत्रांत रबरी कडेचें एकच फिरतें पातें जमिनीला टेकून बर्फ उचलतें व नळींतून फेकतें. तें हलकें व ठेवण्यास सोयीचें असतें, आणि फरसबंद वाटेवर वीतभर बर्फाला पुरेसें होतें. परंतु खडीच्या वाटेवर तें खडेही उचलून भिरकावतें. तेथें तें धोक्याचें. दुहेरी यंत्रांत मळसूत्री पातें बर्फ मधोमध ओढतें आणि मागचा पंखा तो दूर उडवितो. म्हणजे आगगाडीच्या जुन्या यंत्राचाच हा लहानसा वंशज होय. त्याच्या तोंडाखालच्या पट्ट्या वरखालीं करून तें जमिनीपासून किंचित् उचलतां येत असल्यामुळें खडीवरही चालतें. लांब वाट, चढण, जाड व ओला बर्फ, किंवा रस्ता साफ करणाऱ्या नगरपालिकेच्या नांगरानें फाटकाशीं रचलेला टणक बांध, यांपैकीं कांहीं वांट्याला येत असेल तर दुहेरी यंत्रच घ्यावें. विजेच्या घटावर चालणारीं यंत्रेंही आतां मिळतात. त्यांना धूर नाहीं व आवाजही कमी; पण कडाक्याच्या थंडींत घटाची शक्ति घटते, हें ध्यानीं ठेवावें.

यंत्र दगा देतें तें बहुधा पहिल्या बर्फाच्या सकाळीं, आणि त्याचें मूळ मागल्या वसंतांत असतें. टांकींत महिनोगणती राहिलेलें पेट्रोल बिघडतें व त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरचीं सूक्ष्म छिद्रें बुजवितो. म्हणून ऋतु संपतांच टांकी व कार्ब्युरेटर रिकामे करावे. शरदांत वंगण तेल बदलावें आणि स्पार्क प्लग व पट्टे तपासावे. मळसूत्री पातें आंसाला मुद्दाम मऊ धातूच्या खिळीनें जोडलेलें असतें. पात्यांत दगड किंवा गोठलेलें वर्तमानपत्र अडकलें म्हणजे ही खीळ तुटते आणि आंतील मोलाचीं दंतचक्रें वांचतात. वारंवार तुटते म्हणून तिच्या जागीं कठीण पोलादी बोल्ट बसविणें म्हणजे चार पैशांची खीळ वांचवून सारें यंत्र गमावणें होय. अशा दोन-चार खिळी घरांत शिल्लक असाव्या.

शेवटचा प्रश्न जिवाचा आहे. क्वेबेक प्रांतांतील १९८१ ते २०१४ या काळांतील नोंदींचा अभ्यास २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत जोराच्या हिमवर्षावानंतरच्या दिवशीं पुरुषांत हृदयविकाराचे झटके व त्यांनीं होणारे मृत्यु वाढलेले आढळले. फावड्याचे कष्ट हें त्याचें एक संभाव्य कारण मानलें गेलें. टोरांटो-मॉंट्रियलकडे नव्यानें गेलेल्या मराठी गृहस्थालाही, घाट चढण्याची संवय असली तरी, थंडींतील या श्रमाची कल्पना नसते. यंत्र हे श्रम पुष्कळ हलके करतें. पण तें बंद गॅरेजांत सुरू केलें तर त्याचा विषारी धूर घातक होतो. आणि ओल्या बर्फानें नळी तुंबली असतां हात घालून ती मोकळी करूं पाहणाऱ्यांनीं आपलीं बोटें गमावलीं आहेत. एंजिन बंद केल्यावरही दाबून धरलेलें पातें बर्फ सुटतांच एकदम फिरूं शकतें. म्हणून एंजिन थांबवावें, पातीं स्थिर होईपर्यंत वाट पाहावी आणि काठीनेंच बर्फ काढावा. ही काठी यंत्राला कायमची बांधलेली असावी. घाईच्या सकाळीं ती शोधावी लागली कीं हात पुढें जातो.