तीन वाद्ये, एक केविलवाणे झाड : ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’च्या संगीताची कथा

९ डिसेंबर १९६५, गुरुवार. संध्याकाळी साडेसात वाजता अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर अर्ध्या तासाचा एक अ‍ॅनिमेशनपट सुरू झाला. गोठलेल्या तळ्यावर मुले घसरत चालली आहेत, वरून बर्फ पडतो आहे, आणि मागे मुलांचा एक कोरस सावकाश, काहीशा उदास चालीत नाताळ आल्याचे सांगतो आहे. कोरसखाली वाद्ये तीनच : पियानो, डबल बेस आणि ड्रम्स.

प्रक्षेपणाच्या काही दिवस आधी वाहिनीच्या अधिकाऱ्यांना हा चित्रपट दाखवला गेला, तेव्हा तो त्यांना मुळीच रुचला नव्हता. गती फार संथ. मुलांच्या पात्रांना खऱ्या मुलांचेच आवाज. विनोदाच्या जागी वाजवायचे ध्वनिमुद्रित हशे गायब. एक पात्र चक्क बायबलमधील उतारा म्हणते. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे मुलांच्या कार्यक्रमाला जॅझ संगीत! कार्यक्रमपत्रिकेत वेळ ठरलेली होती, प्रायोजकाशी करार झालेला होता, म्हणून एकदा दाखवून विषय संपवावा, असा एकंदर सूर होता. खुद्द दिग्दर्शक बिल मेलेंडेझ यांनाही आपण चार्ली ब्राउनची माती केली असे वाटत होते. त्यांच्या चमूतील एड लेविट यांनी मात्र हा चित्रपट शंभर वर्षे दाखवला जाईल, असे भाकीत केले होते.

हे संगीत तेथवर कसे पोहोचले, हे पाहण्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागते.

ली मेंडेलसन हे सॅन फ्रान्सिस्कोचे एक तरुण दूरचित्रवाणी-निर्माते. बेसबॉलपटू विली मेज यांच्यावरील त्यांचा माहितीपट १९६३ मध्ये गाजला. जगातील सर्वोत्तम बेसबॉल खेळाडूवर चित्रपट झाला, आता जगातील सर्वांत वाईट खेळाडूवर करावा, या विचारातून त्यांना चार्ली ब्राउन आठवला. चार्ल्स शुल्झ यांची ‘पीनट्स’ ही चित्रमालिका ऑक्टोबर १९५० पासून वृत्तपत्रांत येत होती, आणि तिचा नायक प्रत्येक सामना हरत होता. शुल्झ राजी झाले. माहितीपटाला नाव मिळाले ‘अ बॉय नेम्ड चार्ली ब्राउन’. (याच नावाचा १९६९ चा चित्रपट निराळा, दोहोंची गल्लत नेहमी होते.)

संगीत कोणाचे घ्यावे, हा प्रश्न गोल्डन गेट पुलावर सुटला. पुलावरून जाताना गाडीतील रेडिओवर मेंडेलसन यांच्या कानावर ‘कास्ट युअर फेट टू द विंड’ ही रचना पडली. ती विन्स ग्वाराल्डी यांची. मेंडेलसन यांनी ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’चे जॅझ-समीक्षक राल्फ ग्लीसन यांना गाठले आणि त्यांच्यामार्फत ग्वाराल्डींशी संधान बांधले.

ग्वाराल्डी १९२८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतच जन्मलेले. ठेंगणी मूर्ती, पियानोवादकाला अडचणीचे ठरतील असे लहान पंजे आणि भरघोस मिशा. कॅल जेडर आणि वूडी हर्मन यांच्या वाद्यवृंदांतून त्यांची जडणघडण झाली होती. रिओ दि जानेरोत घडणाऱ्या ‘ब्लॅक ऑर्फियस’ या चित्रपटाच्या संगीतावर त्यांनी १९६२ मध्ये फँटसी या स्थानिक कंपनीसाठी एक अल्बम केला. त्यातून निघालेल्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला, जागा भरण्यासाठी म्हणावी तशी, ‘कास्ट युअर फेट’ ही त्यांची स्वतःची रचना होती. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी करून वाजवली, आणि त्या दुसऱ्या बाजूने ग्वाराल्डींना ग्रॅमी पुरस्कार मिळवून दिला. भरवशाच्या बाजूकडे दुर्लक्ष होऊन दुर्लक्षित बाजू चालावी, हा त्यांच्या आयुष्यातील योग पुढेही एकदा आला.

काही आठवड्यांनी ग्वाराल्डींनी मेंडेलसन यांना दूरध्वनी केला : एक चाल सुचली आहे, आत्ताच ऐका. फोनवर पियानो काय ऐकू येणार, आपण स्टुडिओत येतो, असे मेंडेलसन म्हणाले. पण चाल विसरण्याआधी कोणाला तरी वाजवून दाखवलीच पाहिजे, असा ग्वाराल्डींचा हट्ट. त्या दिवशी फोनवर वाजलेली रचना म्हणजे ‘लायनस अँड लुसी’.

ही रचना नीट ऐकण्याजोगी आहे. डावा हात एकच आकृतिबंध न थकता फिरवत राहतो, जणू एखादे लहान मूल दोरीवरच्या उड्या मारताना थांबायलाच तयार नाही; उजवा हात त्यावर तिरक्या ठेक्यात बोलतो. मध्येच लॅटिन वळणाचा एक भाग येतो, मग सरळ स्विंग, आणि पुन्हा तीच दोरी. मुलांसाठी लिहिलेल्या संगीतात मुलांना खूश करण्याची जी लाडीक धडपड असते तिचा येथे मागमूस नाही. शुल्झ यांच्या चित्रांतही मुले मोठ्यांसारखीच गंभीरपणे दुःखी होतात; संगीतकाराला नेमकी तीच गोष्ट कळली होती.

माहितीपट मात्र विकला गेला नाही. कोणत्याही वाहिनीला तो नको होता. त्याच्यासाठी केलेले संगीत फँटसीने १९६४ च्या अखेरीस स्वतंत्र अल्बम म्हणून काढले : दाखवलाच न गेलेल्या चित्रपटाचे संगीत.

एप्रिल १९६५ मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर चार्ली ब्राउन आणि त्याची मित्रमंडळी झळकली. पुढच्याच महिन्यात जाहिरातसंस्थेकडून मेंडेलसन यांना विचारणा झाली : कोका-कोलाला नाताळसाठी एक कार्यक्रम हवा आहे, पीनट्सवर काही होईल का? होईल, असे मेंडेलसन यांनी सांगून टाकले आणि मग शुल्झ यांना कळवले. अवघ्या सहा महिन्यांत सर्व उरकायचे होते. (मूळ प्रक्षेपणात लायनस कोका-कोलाच्या फलकावर जाऊन आदळतो असा प्रसंगही होता, पुढे तो कापला गेला.)

कथा साधीच. नाताळचा बाजार झाल्याने चार्ली ब्राउन खिन्न आहे. नाटकासाठी झाड आणायला त्याला पाठवतात, आणि चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या झाडांच्या गर्दीतून तो एक खुरटे, सुया गळणारे, पण खरे झाड घेऊन येतो. सगळे हसतात. येथे संगीताने काय करावे? मोठा वाद्यवृंद असता तर त्याने त्या झाडाची कीव केली असती किंवा गौरव तरी. तीन वाद्यांना दोन्ही जमत नाही. ती नुसती सोबत करतात. ड्रम्सवर काठ्यांऐवजी बहुतेक वेळ तारांचे ब्रश फिरतात. ‘स्केटिंग’ या रचनेत पियानोचे स्वर बर्फासारखे वरून भुरभुरतात. ती आणि ‘ख्रिसमस टाइम इज हिअर’ या दोन्ही तीन मात्रांच्या वॉल्ट्झ लयीत आहेत. जुनी नाताळगीतेही ग्वाराल्डींनी अशीच हाताळली : ‘ओ टॅननबाउम’ आधी साध्या धीम्या चालीत, मग हळूच स्विंगमध्ये. एकीकडे बेथोव्हेनचा वेडा श्रोडर खेळण्यातल्या पियानोवर मग्न आहे म्हणून ‘फ्यूर एलीझ’ही अल्बममध्ये आले.

‘ख्रिसमस टाइम इज हिअर’ ही मुळात नुसती वाद्यरचना होती. आरंभीच्या दृश्यासाठी शब्द हवे होते, आणि हाताशी गीतकार नव्हता. मेंडेलसन यांनी स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून एका पाकिटाच्या मागे काही मिनिटांत शब्द खरडले. ते गायला सॅन राफाएलच्या सेंट पॉल्स चर्चमधील मुले आली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये ग्वाराल्डींनी जॅझ संगीतातील प्रार्थनाविधी सादर केला होता. त्यामुळे या चर्चच्या गायकवृंदाशी त्यांची ओळख होती. स्वर अगदी तंतोतंत लागावेत असा आग्रह ग्वाराल्डींनी धरला नाही. मुले मुलांसारखी वाटली पाहिजेत, एवढेच. आजही कान देऊन ऐकले तर आवाज किंचित डळमळताना सापडतात. कच्चेपणा म्हणून जे अधिकाऱ्यांना खटकले, त्यातले बरेचसे असे जाणूनबुजून राखलेले होते.

प्रक्षेपणाच्या रात्री सुमारे दीड कोटी घरांत हा चित्रपट पाहिला गेला. देशातील जवळपास निम्मे चालू संच त्यावर लागले होते; त्या आठवड्यात त्याच्या पुढे फक्त ‘बोनांझा’ ही लोकप्रिय मालिका होती. पुढच्या वर्षी एमी आणि पीबडी हे दोन्ही पुरस्कार आले. दुसऱ्यांदा दाखवायचे की नाही, हा प्रश्नच उरला नाही. सीबीएसवर तो २००० पर्यंत दर नाताळात लागत राहिला, नंतर दुसऱ्या वाहिनीवर. अमेरिकेतील कित्येक पिढ्यांना जॅझची पहिली ओळख येथेच झाली. त्यांतल्या बहुतेकांना आपण जॅझ ऐकतो आहोत हे ठाऊकही नव्हते.

अल्बम डिसेंबर १९६५ मध्येच आला होता. २०१२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहात जतन करण्यासाठी निवडला. विक्रीच्या बाबतीत जॅझमधील सर्वांत यशस्वी अल्बमांत त्याची गणना होते. पण मूळ वेष्टनावर एक गोष्ट छापलेली नव्हती : बेस आणि ड्रम्स कोणी वाजवले. मुखपृष्ठावर ‘विन्स ग्वाराल्डी ट्रिओ’ एवढेच. त्रयीतील दोघे निनावी राहिले. ग्वाराल्डींचे साथीदार या काळात बदलत असत, आणि त्यामुळे कोणत्या रचनेत कोण, यावर पुढे अनेक दशके वाद झडले. आज सर्वसाधारणपणे फ्रेड मार्शल (बेस) आणि जेरी ग्रॅनेली (ड्रम्स) यांची नावे दिली जातात.

ग्वाराल्डी आणि फँटसी यांचे संबंधही बिघडले. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि दशक संपण्याआधी त्यांनी ती कंपनी सोडली. चार्ली ब्राउनची साथ मात्र त्यांनी सोडली नाही. पुढचे डझनाहून अधिक चित्रपट त्यांच्याच पियानोवर झाले. ६ फेब्रुवारी १९७६ रोजी मेन्लो पार्क येथील एका क्लबात दोन बैठकींच्या मधल्या विश्रांतीत त्यांचे निधन झाले. वय ४७. ‘इट्स आर्बर डे, चार्ली ब्राउन’चे ध्वनिमुद्रण नुकतेच हातावेगळे झाले होते.

मेंडेलसन २०१९ मध्ये गेले, २५ डिसेंबरला. जेरी ग्रॅनेली यांनी मधली कित्येक वर्षे या संगीतापासून दूर राहून प्रायोगिक जॅझमध्ये नाव कमावले, कॅनडात शिकवले. उतारवयात मात्र ते नाताळच्या सुमारास त्रयी घेऊन या रचना पुन्हा वाजवू लागले, मधून मधून त्या दिवसांच्या हकिकती सांगत. जुलै २०२१ मध्ये तेही गेले. पुढच्याच वर्षी मूळ ध्वनिमुद्रणाच्या सापडलेल्या फिती प्रकाशित झाल्या. एकच रचना पुन:पुन्हा वाजवून पाहिलेले, मध्येच थांबलेले ते प्रयत्न आता कोणालाही ऐकता येतात, ब्रशांच्या सरसर आवाजासकट.