पांच महिन्यांचें पोपपद

इ. स. १२९२ च्या एप्रिल महिन्यांत पोप चौथे निकोलस निवर्तले आणि रोमचें धर्मासन रिकामें पडलें. नवा पोप निवडण्याचा अधिकार अवघ्या बारा कार्डिनलांकडे होता. परंतु ओर्सिनी व कोलोन्ना या दोन रोमन घराण्यांच्या चुरशीमुळें त्यांचें एकमत होईना. अशीं सव्वादोन वर्षें लोटलीं. अखेर १२९४ च्या ५ जुलैस पेरुजा नगरींत त्यांनीं कोणत्याच पक्षाचे नसलेले पिएत्रो द मोर्रोने यांची निवड केली.

मोर्रोने हा मध्य इटलींतील अब्रुत्सी प्रांतांतला डोंगर. शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेल्या पिएत्रोंनीं त्या परिसरांतील गुहांत तपश्चर्येंत उभा जन्म घालविला होता. शिष्य जमले, त्यांचा पंथही झाला. गुरूंचें मन मात्र एकांतांतच रमे. वयाच्या ऐंशीच्या सुमारास, २९ ऑगस्टला, पांचवे सेलेस्तीन या नांवानें त्यांना अभिषेक झाला. आक्विला शहरांत ते गाढवावर बसून आले. लगाम धरला होता नेपल्सचा राजा दुसरा चार्ल्स व त्याचा पुत्र यांनीं.

तो लगाम राजानें पुढेंही सोडला नाहीं. नव्या पोपना त्यानें रोमऐवजीं नेपल्सला नेलें. बारा नवे कार्डिनल नेमण्यांत आले. त्यांपैकीं सात, राजाच्या मूळ देशाचे, फ्रेंच होते. मागेल त्यास अधिकारपत्रें मिळूं लागलीं आणि कारभाराचा घोटाळा झाला. वृद्ध पोपनीं राजवाड्यांतच लांकडी खोपी उभारून तींत प्रार्थना आरंभिली.

अखेर कायदेपंडितांचा सल्ला घेऊन, पोपला स्वेच्छेनें पद सोडतां येतें असें त्यांनीं जाहीर केलें, आणि १३ डिसेंबरला पोपचीं वस्त्रें उतरवून ठेविलीं. अकरा दिवसांत बेनेदेत्तो काएतानी हे आठवे बोनिफेस म्हणून गादीवर आले. माजी पोपना हाताशीं धरून कोणी फूट पाडील, या भीतीनें त्यांनीं सेलेस्तीनांना डोंगराकडे परतूं दिलें नाहीं. ते निसटले, समुद्रमार्गें ग्रीसकडे जाऊं पाहतांना पकडले गेले, आणि फुमोनेच्या किल्ल्यांत नजरकैदेंत पडले. तेथेंच १२९६ च्या १९ मे रोजीं त्यांचा अंत झाला.

दान्तेच्या महाकाव्यांत भ्याडपणानें महान् पद नाकारणारी जी निनांवी छाया आहे, ती सेलेस्तीनांचीच असें अनेक टीकाकार मानतात. उलट, १३१३ त चर्चनें त्यांना संतपद दिलें. राज्यकर्ते म्हणून ते अयशस्वी ठरले, यांत शंका नाहीं. परंतु त्यांचीं दोन कृत्यें टिकलीं. निवड होईपर्यंत कार्डिनलांना कोंडून ठेवण्याचा, मध्यंतरीं मोडीत निघालेला नियम त्यांनीं पुन्हां जारी केला. आणि पदत्यागाचा मार्ग कायद्यानें मोकळा केला. २००९ सालीं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं सेलेस्तीनांच्या समाधीवर आपलें उपरणें वाहिलें, आणि २०१३ त स्वेच्छेनें पद सोडलें. आपल्या हातून हें काम होत नाहीं, हें ओळखून तसें चारचौघांत बोलणें याला भ्याडपणा म्हणावें कीं धैर्य, हा प्रश्न सात शतकांनंतरही शिळा झालेला नाहीं.