खुर्चीला बांधलेला गोळा

एका इटालियन खुर्चीचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा ती निव्वळ आरामाची वस्तू वाटली. फुगीर, गोलसर, ऐसपैस. पुढे पाय टेकायला एक मोठा गोळा. नंतर लक्षात आले, की हा गोळा खुर्चीला दोरीने बांधलेला आहे.

ही खुर्ची गाएतानो पेशे यांनी १९६९ मध्ये घडवली. सबंध खुर्ची पॉलियुरेथेन फोमची होती. कारखान्यात तिच्यातील हवा काढून ती चपटी करत आणि हवाबंद वेष्टनात घालून विकत. घरी वेष्टन उघडले, की ती डोळ्यांदेखत फुगत मूळ रूपात येई. त्या काळी इटलीतले अनेक डिझायनर फर्निचरमधून स्वतःचे मत मांडू लागले होते. पेशेंनी खुर्चीला प्राचीन मातृदेवतेच्या मूर्तीसारखा भरदार स्त्रीदेहाचा आकार दिला आणि पायाशी कैद्याच्या बेडीचा गोळा ठेवला. पुरुषांच्या पूर्वग्रहांनी स्त्रीला कैदेत ठेवले आहे, हे त्यांना सांगायचे होते.

ही कल्पना हवेतली नव्हती. १९६८ च्या अखेरीपर्यंत इटलीत पत्नीचा व्यभिचार हा गुन्हा होता. पतीवर मात्र त्याने रखेल ठेवली तरच खटला चाले. घटस्फोटाचा कायदा १९७० मध्ये आला. पती हाच कुटुंबप्रमुख, ही तरतूद जायला १९७५ उजाडले. कुटुंबाचा कायदा आणि स्त्रीचा न्याय यांतले अंतर आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

तरी एक प्रश्न उरतोच. २०१९ मध्ये मिलानच्या कॅथेड्रलसमोरच्या चौकात याच खुर्चीची आठ मीटर उंच प्रतिकृती उभारली गेली. तिच्या अंगात बाण रुतलेले होते. स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी तिथेच निषेध केला. त्यांचा आक्षेप असा, की इथेही स्त्री म्हणजे एक बिनचेहऱ्याची वस्तूच, आणि अत्याचार करणारा पुरुष कुठेच दिसत नाही.

मला हा आक्षेप पटतो. पेशेंचा हेतू प्रामाणिक होता, यात शंका नाही. दिवाणखान्यात बेडी आणून ठेवायला धाडस लागते. पण स्त्रीची कैद दाखवण्यासाठी तिचेच आसन केले, आणि त्यावर आपण निवांत रेलून बसतो. स्त्रीच्या दुःखाविषयी कळवळून बोलणाऱ्या आपणा पुरुषांनी, मी स्वतः त्यात आलोच, आधी त्या खुर्चीवरून उठायला हवे.