रंगमंचावर ‘थंड’ दिव्यांचा उजेड

तिसरी घंटा होते, प्रेक्षागृहातले दिवे मालवतात आणि अंधारात रंगमंचाचा एक कोपरा हळूहळू उजळू लागतो. तो ‘हळूहळू’ साधण्यासाठी किती वीज खर्च होते, याचा विचार प्रेक्षक करीत नाही. नाट्यगृहाच्या व्यवस्थापनाला मात्र तो करावा लागतो. प्रकाश उत्सर्जित करणाऱ्या डायोडचे, म्हणजेच ‘एलईडी’चे दिवे नाट्यगृहांत आणि चित्रीकरणस्थळी आले ते याच कारणाने. तथापि, घरातला बल्ब बदलण्याइतके हे स्थित्यंतर सोपे ठरलेले नाही.

लंडनचे सॅव्हॉय थिएटर १८८१ मध्ये सुमारे १२०० विद्युतदिव्यांनी उजळले. संपूर्णपणे विजेवर प्रकाशित झालेली ही जगातील पहिली सार्वजनिक इमारत मानली जाते. गॅसच्या ज्योतींची धग आणि आगीची धास्ती त्यामुळे कमी झाली. पुढे शतकभराहून अधिक काळ रंगमंचीय दिव्याचे मुख्य तत्त्व तेच राहिले : तंतू तापवायचा आणि तो प्रकाशू द्यायचा. हॅलोजन हे त्याचेच सुधारित रूप. यात जेमतेम दहा टक्के विजेचा दृश्य प्रकाश होतो, उरलेली उष्णता बनते. एक किलोवॅटचे शंभर स्पॉट पूर्ण क्षमतेने लावले तर शंभर किलोवॅट उष्णता सभागृहात साचते. एक टन क्षमतेची वातानुकूलन यंत्रणा साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकते. म्हणजे केवळ दिव्यांपोटी २८-२९ टनांची यंत्रणा हवी. आधी तापवण्यासाठी वीज, मग गारव्यासाठी वीज!

निळ्या एलईडीचा शोध लागला आणि या दुहेरी खर्चावर उतारा सापडला. या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रंगीत प्रकाशात एलईडीची बचत सर्वांत ठळक दिसते. हॅलोजनपुढे गडद निळे जिलेटिन लावले की शेकडो वॅटच्या दिव्याचा बहुतेक प्रकाश त्या कागदातच अडतो. पलीकडे काही टक्केच पोचतो. एलईडी मात्र हवा तोच रंग निर्माण करतो, शिवाय एकाच दिव्यातून क्षणात रंग पालटता येतो. नृत्य, संगीत जलसे, दूरचित्रवाणीवरील स्पर्धा यांनी तो प्रथम आपलासा केला, यात नवल नाही.

गंभीर नाटकाचे गणित वेगळे आहे. हॅलोजन मंद करीत नेला की पांढरा प्रकाश पिवळसर, मग तांबूस होत विझतो. संध्याकाळ उतरावी तसा. तंतू थंड व्हायलाही थोडा अवधी लागतो. एलईडीला ही सवय नाही. प्रारंभीचे दिवे मंद होताना पायरी-पायरीने उतरत आणि अखेरीस एकदम विझत. केवळ लाल, हिरवा व निळा मिसळून केलेल्या पांढऱ्या प्रकाशात माणसाची कांती निस्तेज दिसे, भरजरी शालूचा रंगही बदले. म्हणून निर्मात्यांनी पिवळसर व पोपटी छटांचे डायोड जोडले आणि हॅलोजनच्या विझण्याची नक्कल करणारी नियंत्रणे बसवली. आजचे चांगले दिवे यात बरेच पुढे गेले आहेत. स्वस्त दिव्यांबाबत तसे म्हणता येणार नाही.

कॅमेऱ्यापुढे आणखी एक अडचण उभी राहते. अनेक एलईडी मंद करताना सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केले जातात. डोळ्याला ते जाणवत नाही, परंतु कॅमेऱ्याच्या शटरशी मेळ चुकला की चित्रात काळे पट्टे उमटतात. त्यावर उपाय निघाले आणि ‘ग्रॅव्हिटी’ (२०१३) सारख्या चित्रपटात नटांच्या चेहऱ्यावरील प्रकाशासाठी चक्क एलईडीच्या भिंती उभारल्या गेल्या.

केवळ बचतीचे माप लावले तर काय होते, हे युरोपने २०१८ मध्ये अनुभवले. प्रत्येक वॅटमागे किमान ८५ ल्युमेन प्रकाश मिळावा आणि दिवा नुसता सज्ज असताना अर्ध्या वॅटहून अधिक वीज खर्च होऊ नये, असा नियम सप्टेंबर २०२० पासून लागू करण्याचा युरोपीय महासंघाचा प्रस्ताव होता. हॅलोजन तर सोडाच, रंगमंचासाठी बनवलेले कित्येक एलईडी दिवेही त्यात बसत नव्हते. कारण ल्युमेन हे माप डोळ्याच्या संवेदनक्षमतेवर बेतलेले आहे आणि गडद निळ्या प्रकाशाचे ल्युमेन मुळातच कमी भरतात. हेतू चांगला, मोजपट्टी मात्र कार्यालयीन दिव्यांची. ‘सेव्ह स्टेज लायटिंग’ या मोहिमेखाली रंगकर्मींनी विरोध केला. अखेर १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत रंगमंचीय दिव्यांना सवलती मिळाल्या.

गावोगावी प्रयोग करणाऱ्या मराठी नाटकांसारख्या फिरत्या नाटकांपुढचे प्रश्न अधिक व्यवहारी आहेत. एलईडी जुन्या डिमरवर चालत नाही. त्याला अखंड वीजपुरवठा आणि नियंत्रणाची स्वतंत्र केबल लागते. म्हणजे दिव्यांबरोबर नाट्यगृहाची वायरिंगही बदलावी लागते. एका ठिकाणी हॅलोजन आणि दुसऱ्या ठिकाणी एलईडी असतील, तर प्रकाशयोजनाकाराला प्रत्येक प्रवेशाची मंद-तीव्रता नव्याने ठरवावी लागते. शिवाय हॅलोजनचा बल्ब उडाला तर दोन अंकांमधल्या मध्यंतरातही बदलता येतो. एलईडी सहसा उडत नाही. पण बिघडलाच, तर अख्खा दिवा उतरवून दुरुस्तीला पाठवावा लागतो आणि रात्रीचा प्रयोग उरलेल्या दिव्यांवर निभावून न्यावा लागतो.