जीपचे इंजिन बदलते तेव्हा

जीप म्हटली की आपल्या गोव्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर दोन-तीन चित्रे उभी राहतात. खाणीच्या वाटेवर लाल धुळीने माखलेली जीप, निवडणुकीत कर्णा बांधून वाड्यावाड्यांतून हिंडणारी जीप, नाहीतर कापडी टपाची सरकारी जीप. मी कलाशाखेचा पदवीधर आणि पेशाने कारकून. यंत्रातले मला बेताचेच कळते, पण नोंदी वाचायची सवय आहे. जुन्या जीपचे नोंदणीपुस्तक उघडले की दोन क्रमांक दिसतात, एक चॅसीचा आणि एक इंजिनाचा. चॅसीचा क्रमांक जन्मभर तोच राहतो. इंजिनाचा मात्र कधीकधी खोडून नवा लिहिलेला आढळतो. त्या खोडलेल्या ओळीमागे बराच इतिहास आहे.

ही गाडी मूळची अमेरिकेची, लढाईसाठी घडवलेली. 1941 ते 1945 या काळात विलिज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. इंजिन पेट्रोलचे, चार सिलिंडरांचे, सुमारे 2.2 लिटरचे आणि 60 अश्वशक्तीचे. युद्ध संपले आणि वापरलेल्या जीप जगभर स्वस्तात विकायला निघाल्या. जुनी गाडी दुरुस्त करून पुन्हा उभी करण्याचा उद्योग तेव्हापासूनचा.

त्यात फसगतही होती. 1948 साली काश्मीरच्या लढाईसाठी भारताने लंडनमार्फत 2000 दुरुस्त केलेल्या जीपचा सौदा केला. मद्रास बंदरात 155 उतरल्या आणि त्या वापरण्याजोग्या नाहीत म्हणून लष्कराने नाकारल्या. स्वतंत्र भारतातला हा पहिला गाजलेला घोटाळा. त्या वेळी लंडनमध्ये उच्चायुक्त होते व्ही. के. कृष्ण मेनन. 1961 च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरले तेव्हा संरक्षणमंत्रीही तेच होते.

1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रा कंपनीने मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात केली. आपल्या ओळखीची उंच बॉनेटची जीप म्हणजे 1953 साली अमेरिकेत निघालेली सीजे-3बी. तिचे बॉनेट उंच का, याचे उत्तरही इंजिनातच आहे. नव्या इंजिनात हवा आत घेणारा व्हॉल्व वरच्या बाजूला नेला, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते मावावे म्हणून बॉनेट वर उचलावे लागले. म्हणजे इंजिन बदलले की बाकीच्या गाडीने जुळवून घ्यायचे, ही रीत खुद्द कारखान्यानेच घातलेली.

पुढे 1973 चे तेलसंकट आले. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव सुमारे 3 डॉलरवरून 12 डॉलरच्या आसपास गेला. पेट्रोलची जीप पोसणे जड होऊ लागले आणि डिझेल त्या मानाने स्वस्त होते. महिंद्राच्या कारखान्यातून डिझेल जीप निघू लागल्या. पण ज्याच्या दारात जुनी पेट्रोलची जीप होती, त्याने काय करायचे? तो मेस्त्रीकडे गेला.

हे काम बाहेरून वाटते तेवढे सोपे नव्हे. डिझेल इंजिन वजनाने भारी, म्हणून पुढच्या पाट्यांत एखादा पाटा वाढवावा लागतो. चॅसीवरचे जुने आधार कापून नवे वेल्ड करावे लागतात. इंजिन एका कंपनीचे आणि गिअरबॉक्स दुसऱ्या, त्यामुळे बोल्टची भोके जुळत नाहीत. मग दोहोंच्या मध्ये जाड लोखंडी प्लेट लेथवर घडवून बसवायची. इंजिनाचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत आले नाहीत, तर बेअरिंग झिजते आणि क्लच बिघडतो. रेडिएटर, बॅटरी, सायलेन्सर हेही बदलावे लागते. कंपनीचा नकाशा हाती नसताना पत्र्यावर खडूने रेघा मारून आमच्या मेस्त्रींनी हे सारे केले.

तेव्हा कायदाही याला वाट देत होता. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात बदल कळवून मंजुरी घेण्याची सोय होती. 1988 च्या कायद्याचे कलम 52 पुढे दुरुस्तीनंतर कडक झाले. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. रस्त्यावरच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे.

आता हौशी मंडळी जुन्या जीप शोधून काढतात आणि त्यांना 'ओरिजिनल' करू पाहतात. डिझेल इंजिन उतरवून पेट्रोलचे बसवतात. फोंड्याजवळच्या एका गराजात मी अशी उतरवलेली प्लेट पाहिली. कडेला छिन्नीने दोन अक्षरे कोरली होती, बहुधा घडवणाऱ्याची. ती भंगाराच्या ढिगात पडली होती.

हौस मला समजते. पण त्या जीपने कारखान्यातले इंजिन थोडीच वर्षे वाहिले असेल आणि मेस्त्रीचे इंजिन कितीतरी अधिक. मग तिचे खरे रूप कोणते? कुठ्ठाळीचा मंगेश 1560 साली जुवारी ओलांडून प्रियोळला आला. देऊळ नवे उभे राहिले, देव तोच राहिला आणि स्थलांतर हाच त्याच्या इतिहासाचा भाग झाला. प्रियोळचे देऊळ खोटे, असे कोणी म्हणत नाही.

अमेरिकेतल्या कारखान्याचा इतिहास पुस्तकांतून मिळतो. लेथवर प्लेट घडवणाऱ्या आपल्या मेस्त्रीचा कुठेच मिळत नाही. ती प्लेट, नोंदणीपुस्तकातली ती खोडलेली ओळ आणि म्हाताऱ्या ड्रायव्हरांच्या आठवणी, एवढाच त्याचा दस्तऐवज. तुमच्या गावात अशी जीप असेल, तर इंजिन उतरवण्यापूर्वी एक फोटो काढा, काम कोणी केले ते विचारा आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा.