डांग्या खोकल्याची लस

डांग्या खोकला म्हटला की जुन्या माणसांच्या अंगावर अजून काटा येतो. मूल एकदा खोकत सुटले की थांबायचे नाही. चेहरा निळा पडे, श्वास आत ओढताना घशातून विचित्र आवाज निघे आणि मागोमाग उलटी होई. १९२० नंतरच्या दशकात एकट्या अमेरिकेत या रोगाने वर्षाला सहा हजारांपर्यंत माणसे दगावत. त्यांत बहुतेक लहान मुलेच. आज हा रोग पुष्कळ कमी झाला आहे तो लशीमुळे. ती लस भरवशाची कशी ठरली, ते आज पाहू.

मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स नावाचे शहर आहे. तिथे राज्याच्या आरोग्यखात्याची एक छोटी प्रयोगशाळा होती. पाणी, दूध तपासायचे, रोग्यांचे नमुने पाहायचे, असे तिचे रोजचे काम. १९३२ साली तिथल्या पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघींनी डांग्या खोकल्याचे काम हाती घेतले. दिवसाची नोकरी आटोपली की संध्याकाळी त्या आजारी मुलांच्या घरी जात. काळ मंदीचा, बापाच्या हाताला काम नाही, घरात रॉकेलचा दिवा. मूल खोकले की त्याच्या तोंडासमोर काचेची बशी धरायची. बशीत जंतूंना पोसणारे रक्तमिश्रित खाद्य असे. त्यावर वाढलेल्या जंतूंना मारून त्यांनी लस बनवली.

पण लस गुणकारी आहे हे ठरवायचे कसे? अशा लशी आधीही निघाल्या होत्या. त्यांचा गुण कुणी नीट पडताळला नव्हता. समजा, टोचलेली मुले धडधाकट राहिली. पण जी आई आपणहून मूल टोचायला आणते, ती एरवीही जास्त काळजी घेणारी असेल. तिच्या घरात दाटी कमी असेल. मग हा गुण लशीचा म्हणायचा की घराचा?

इथे विद्यापीठ उपयोगी पडले. केंड्रिकबाईंनी १९३२ सालीच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली होती. तिथले साथरोगशास्त्राचे प्राध्यापक वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट यांचा त्यांनी सल्ला घेतला. फ्रॉस्टसाहेब सहजासहजी पटवून घेणारे नव्हते. न टोचलेली मुले कशी निवडली, हाच त्यांचा मुख्य प्रश्न. लस न मिळालेली मुले वयाने आणि वस्तीने टोचलेल्यांसारखीच हवीत. परिचारिकांनी दोन्ही घरी सारख्याच फेऱ्या मारायला हव्यात. शिस्त विद्यापीठाची, पण घराघरांत ती पाळली खात्याच्या बायकांनी. पैशाची चणचण होतीच. १९३६ साली अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट प्रयोगशाळा पाहून गेल्या, तेव्हा थोडी मदत मिळाली.

१९३४ मध्ये सुरू झालेल्या या पाहणीचा अहवाल १९३९ साली निघाला. टोचलेली मुले १८१५, त्यांतली ५२ आजारी पडली. न टोचलेली २३९७, त्यांतली ३४८ आजारी पडली. १९४० पासून मिशिगनच्या आरोग्यखात्याने ही लस राज्यभर वाटली. पुढे घटसर्प आणि धनुर्वात यांच्या लशींशी तिची जोड होऊन त्रिगुणी लस झाली. आपल्या देशात १९७८ च्या लसीकरण कार्यक्रमात ती आली. आता दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळाला पाच रोगांची जी एकत्र सुई देतात, तिच्यातही डांग्या खोकल्याची लस असते.

शिक्षकबंधूंनी ३४८ हा आकडा मुलांना जरूर समजावून सांगावा. त्या मुलांना लशीचा लाभ मिळाला नाही, तरी त्यांच्या आयांनी दार उघडले आणि खरी उत्तरे दिली. ती उत्तरे नसती, तर ५२ या आकड्याला काही अर्थच उरला नसता. आपल्या दारीही आरोग्यसेविका वही घेऊन येते. बाळाला ताप आला होता का, खोकला किती दिवस होता, असे विचारते. तेव्हा घाईने 'सगळं ठीक आहे' म्हणून तिला वाटेला लावू नका. क्षणभर आठवा आणि झाले असेल तेच सांगा.