मजुराच्या आजाराचा विमा

गिरणीकामगार अंथरुणाला खिळला कीं त्याची मजुरी थांबे व घरच्यांना सावकाराचें दार गांठावें लागे. यावर उपाय सुचविण्याचें काम हिंदुस्थान सरकारनें १९४३ सालीं प्रा. बी. पी. आडारकर यांजकडे सोंपविलें. हा भार मालक व कामगार यांनीं सक्तीच्या वर्गणीनें वांटून घ्यावा, अशी योजना त्यांनीं १९४४ च्या अहवालांत मांडली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या स्टॅक व राव या तज्ज्ञांनीं तींत बाळंतपण व कामावरील अपघात यांचीही तरतूद सुचविली. १९४८ सालीं कायदा झाला. परंतु कानपूर व दिल्ली येथें प्रत्यक्ष प्रारंभ होण्यास १९५२ चा फेब्रुवारी उजाडला. आजाराला इतका धीर कोठला? सल्ला कितीही शहाणपणाचा असो, रोग्याच्या लेखीं त्याचें मोल दवाखान्याचें दार उघडल्यावरच ठरतें.